हेडएंडमधले काम गल्लीपर्यंत नेताना : पुण्यातील केबल ब्रॉडबँड चालकांसाठी मार्गदर्शन

केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात देशातील ३८ शहरे होती, त्यांत पुणे होते आणि त्यासाठीची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. त्या वेळी घरोघरी सेट टॉप बॉक्स आले आणि हेडएंडमधली, म्हणजे चालकाच्या मुख्य केंद्रातली, यंत्रे बदलली. मात्र हेडएंड आणि घर यांच्या मधली कोॲक्शियल वायर, ॲम्प्लिफायर, टॅप (मुख्य वायरीतून घरांसाठी सिग्नल काढून देणारी डबी) आणि स्प्लिटर हा सगळा पसारा पुष्कळ ठिकाणी जुनाच राहिला. त्याच वायरीवरून आज ब्रॉडबँड देणाऱ्या चालकांपुढे दोनच वाटा आहेत असे सहसा मानले जाते : सगळी वायर काढून घरापर्यंत फायबर न्यायचे किंवा आहे ते रेटत राहायचे. तिसरी वाट अशी की घरातली आणि इमारतीतली वायर तशीच ठेवून तिच्या वरची सगळी रचना बदलायची. हेडएंडमध्ये एकवटलेले काम दोन भागांत विभागायचे, त्यातला रेडिओ लहरींचा भाग गल्लीतल्या नोडमध्ये (जिथे फायबर संपून कोॲक्शियल वायर सुरू होते त्या पेटीत) हलवायचा आणि उरलेला भाग साध्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरकडे सोपवायचा. अमेरिकेत कॉमकास्टसारख्या मोठ्या कंपनीने हीच वाट धरली आहे. पुण्यात ती कोणी, कुठे आणि कोणत्या क्रमाने धरावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे आरंभीच नोंदवतो : या कामाची सुरुवात सर्व्हरच्या खरेदीपासून न करता टॅपपासून करावी आणि तिथून वर चढत जावे.

जुन्या रचनेत अडते कुठे

कोॲक्शियल वायरीवरून इंटरनेट देण्याचे डॉक्सिस हे प्रमाण केबललॅब्ज या संस्थेने १९९७ मध्ये आणले. त्याच्या मुळाशी असलेली मांडणी अशी आहे की हेडएंडमध्ये सीएमटीएस नावाचे मोठे यंत्र असते, ते इंटरनेटच्या डेटाचे रेडिओ लहरींत रूपांतर करते, त्या लहरींच्या चढउतारानुसार लेझरचा प्रकाश कमीजास्त होतो, तो प्रकाश फायबरमधून नोडपर्यंत जातो आणि नोडमध्ये त्याच्या पुन्हा विद्युत लहरी होऊन त्या वायरीत शिरतात. फायबर वापरले असले तरी हा दुवा ॲनालॉग असतो. अंतर वाढले की त्यात गोंगाट मिसळतो, उन्हाळ्यात तापमान चढले की पातळ्या सरकतात आणि एका फायबरवर फार थोडे नोड बसतात.

हा गोंगाट किती महाग पडतो हे आकड्यांत पाहणे योग्य ठरेल. डॉक्सिसच्या ३.१ या आवृत्तीत १०२४-क्वाम (क्वाम म्हणजे लहरीच्या एका चिन्हात अनेक बिट बसवण्याची पद्धत) वापरण्यासाठी गोंगाटाच्या वर सुमारे ३४ डेसिबल आणि ४०९६-क्वाम वापरण्यासाठी सुमारे ४१ डेसिबल इतके स्वच्छ सिग्नल मोडेमपाशी असावे लागते. पहिल्यात एका चिन्हात १० बिट जातात, दुसऱ्यात १२. म्हणजे त्याच वायरीतून, त्याच पट्ट्यातून पाचव्या हिश्श्याइतकी जादा वाहतूक नेता येते. पण वायरीत शिरण्याआधीच ॲनालॉग फायबरने सिग्नल मळवले असेल तर तो लाभ हाती लागत नाही. नोडपर्यंत डेटा साध्या इथरनेटने नेला आणि रेडिओ लहरी नोडमध्येच तयार केल्या, तर फायबरमधला गोंगाट हिशेबातून निघून जातो. विकेंद्रित ॲक्सेस रचनेचा तांत्रिक गाभा एवढाच आहे.

दुसरी अडचण हेडएंडच्या खोलीची. नोड विभागले की सीएमटीएसवर जादा पोर्ट, जादा लेझर, जादा वायरींग आणि त्यामागोमाग जादा वीज व एसी लागते. पेठेतल्या एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या हेडएंडला हे झेपत नाही. तिसरी आणि ग्राहकांना सर्वांत जास्त जाणवणारी अडचण अपलोडची आहे. आपल्याकडे अपस्ट्रीमसाठी, म्हणजे घराकडून हेडएंडकडे जाणाऱ्या सिग्नलसाठी, ५ ते ६५ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा असतो, त्यातलाही खालचा भाग गोंगाटाने भरलेला असतो आणि नोडखालच्या प्रत्येक घरातला गोंगाट नरसाळ्यात पाणी जमावे तसा एकाच ठिकाणी येऊन साठतो. व्हिडिओ कॉलवर शिकणारी मुले आणि घरून काम करणारे आयटीतले ग्राहक ज्या शहरात इतक्या संख्येने आहेत, तिथे तक्रारींचा मोठा वाटा अपलोडचा असणार हे उघड आहे.

आधी मोजा

कोणत्या नोडला खरोखर गरज आहे हे ठरवण्यासाठी केबल उद्योगात एक सोपे सूत्र वापरले जाते. नोडखालच्या ग्राहकांची संख्या गुणिले रात्रीच्या गर्दीच्या वेळी प्रत्येकी सरासरी वापर, अधिक सर्वांत मोठ्या प्लॅनच्या वेगाची सुमारे १.२ पट, एवढी क्षमता नोडला असावी. समजा धनकवडीतल्या एका नोडखाली २०० ग्राहक आहेत, गर्दीच्या वेळी प्रत्येकी सरासरी ३ मेगाबिट वापर आहे आणि सर्वांत मोठा प्लॅन ३०० मेगाबिटचा आहे. पहिला भाग ६०० आणि दुसरा ३६०, एकूण ९६० मेगाबिट झाले. ८ मेगाहर्ट्झचा एक चॅनेल २५६-क्वामवर सुमारे ५० मेगाबिट देतो, म्हणजे १६ चॅनेल असले तरी ८०० मेगाबिटच मिळतात आणि रात्री नऊनंतर फोन वाजू लागतात. हाच नोड दोन भागांत विभागला तर प्रत्येकाची गरज ६६० होते आणि तेच १६ चॅनेल पुरतात. पुन्हा विभागून ५० ग्राहकांवर आणले तरी गरज ५१० च्या खाली जात नाही, कारण ३६० चा भाग ग्राहक कमी केल्याने घटत नाही. नोड विभागण्याने मिळणारा फायदा दर पायरीला कमी होत जातो, हे या सूत्रातून स्वच्छ दिसते. दोनदा विभागूनही पुरत नसेल तर डॉक्सिस ३.१ चा रुंद पट्टा सुरू करणे हाच पुढचा उपाय आहे.

ही मोजणी किमान चार आठवडे करावी आणि त्यात एखादा क्रिकेट सामन्याचा दिवस यावा असे पाहावे. अपस्ट्रीमची मोजणी वेगळी ठेवावी. बहुतेक नोंदवह्यांत ती नसतेच.

वायर स्वच्छ करणे हेच अर्धे काम

या टप्प्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण नेमका हाच टप्पा घाईत उरकला जातो. काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका नोडवर नवे उपकरण बसवल्यानंतरही अपस्ट्रीमचे सिग्नल सुधारेना. दोन रात्री सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधण्यात गेल्या. शेवटी टॅपमागून टॅप सोडवत गेलो, तेव्हा एका वाड्याच्या पन्हळीखाली पावसाचे पाणी पिऊन गंजलेला एक टॅप आणि हाताने पिळून बसवलेला एक कनेक्टर सापडला. तो बदलताच संपूर्ण नोड शांत झाला. नवे उपकरण वायरीतला दोष लपवत नाही, उलट तो जास्त स्पष्ट दाखवते, हे तेव्हापासून मी प्रत्येक सहकाऱ्याला सांगत आलो आहे.

म्हणून नोड निवडल्यावर त्याखालचा प्रत्येक टॅप, स्प्लिटर आणि ॲम्प्लिफायर उघडून पाहावा. गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या वायरी जिथे कठड्यावर घासतात तिथले आवरण तपासावे. कॉम्प्रेशन कनेक्टरच वापरावेत आणि उघड्यावरच्या प्रत्येक जोडाला पाणी न शिरणारे आवरण द्यावे. घरातले न वापरलेले स्प्लिटर काढून टाकावेत आणि मोकळ्या टोकांना टर्मिनेटर लावावा. आपल्याकडचे तंत्रज्ञ मीटरवर सिग्नलची पातळी डीबीमायक्रोव्होल्टमध्ये वाचतात, तर मोडेम आणि सीएमटीएस डीबीएमव्हीमध्ये बोलतात. दोहोंत ६० चा फरक आहे, म्हणजे मीटरवरचे ६० हे मोडेमचे शून्य होय. हा फरक लक्षात न ठेवल्याने झालेले गोंधळ मी अनेकदा पाहिले आहेत, म्हणून तो प्रत्येक मीटरच्या पाठीवर लिहून चिकटवावा.

बाहेरून वायरीत शिरणाऱ्या लहरींचाही विचार करावा. ८०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या परिसरात मोबाइल टॉवर बोलतात आणि टॉवर शेजारच्याच गच्चीवर असेल तर ढिला कनेक्टर अँटेनासारखे काम करतो. अपस्ट्रीमचा पट्टा पुढे ८५ किंवा २०४ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवायचा असेल तर आणखी काळजी हवी. २०४ पर्यंत गेल्यास ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा एफएमचा पट्टा अपस्ट्रीममध्येच येतो आणि पुण्यातली आकाशवाणी १०१ मेगाहर्ट्झवर आहे. शिवाय त्या मांडणीत डाउनस्ट्रीम, म्हणजे घराकडे येणारे सिग्नल, २५८ मेगाहर्ट्झपासून सुरू होते, म्हणजे त्याखाली असलेले सगळे टीव्ही चॅनेल वर हलवावे लागतात आणि प्रत्येक ॲम्प्लिफायरमधले फिल्टर बदलावे लागतात. पहिल्या वर्षी हा बदल करू नये असे मला वाटते; मात्र ॲम्प्लिफायर बदलण्याची वेळ आलीच तर फिल्टर पुढे बदलता येतील असेच घ्यावेत.

नोडमध्ये काय हलवायचे

दोन पद्धती प्रचलित आहेत. रिमोट फाय पद्धतीत रेडिओ लहरी तयार करण्याचा थर तेवढा नोडमध्ये जातो आणि कोणत्या मोडेमने कधी बोलायचे हे ठरवणारा मॅक थर मागे सर्व्हरवर राहतो. या पद्धतीचे तपशील केबललॅब्जने २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. रिमोट मॅक-फाय पद्धतीत दोन्ही थर नोडमध्ये जातात. पहिल्या पद्धतीत नोडमधले उपकरण साधे राहते, पण मागचा सर्व्हर आणि नोड यांची घड्याळे अतिशय बारकाईने जुळलेली असावी लागतात. त्यासाठी आयईईई १५८८ हे वेळेचे प्रमाण वापरले जाते आणि मधल्या स्विचना ते समजावे लागते. दुसऱ्या पद्धतीत घड्याळाची ही अट राहत नाही, मात्र नोडमधले उपकरण अधिक गुंतागुंतीचे होते आणि ते बिघडले तर खांबावर चढूनच पाहावे लागते.

कात्रजपासून वाघोलीपर्यंतचे जाळेही थोड्याच किलोमीटरांचे असते. फायबरमधून प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे शहरातल्या शहरात रिमोट फायला अंतराची अडचण येत नाही आणि माझा कल तिकडेच आहे. सर्व्हर मुंबईत ठेवला तरी प्रमाणाच्या दृष्टीने चालेल, कारण डॉक्सिस १६० किलोमीटरपर्यंतच्या अंतराचा विचार करते. तरीही मी तसे सुचवणार नाही. बोरघाटातल्या खोदकामात फायबर तुटले तर बाहेरचे इंटरनेट जाणे एक वेळ समजू शकते, पण नोड आणि त्याचा मेंदू यांचाच संबंध तुटला तर टीव्हीसकट सगळे थांबू शकते. सर्व्हर पुण्यातच असावा आणि नोडांकडे जाणारे फायबर दोन वेगळ्या रस्त्यांनी गेलेल्या रिंगमध्ये असावे. मेट्रो आणि उड्डाणपुलांच्या कामांत एकाच रस्त्यावरची दोन्ही फायबर एकाच खड्ड्यात तुटल्याचे आपण सर्वांनी अनुभवले आहे. नव्या खोदाईची परवानगी लागणार असेल तर दूरसंचार मार्गाधिकार नियम, २०२४ हे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. अर्ज परवानाधारक कंपनीच्या नावाने करावा लागतो, म्हणून स्थानिक चालकाने आपल्या एमएसओशी (ज्या मोठ्या केबल कंपनीकडून तो सिग्नल घेतो तिच्याशी) हे आधी बोलून घ्यावे.

इथरनेट दुव्यामुळे एका फायबरचे मोल किती वाढते हेही ध्यानात घ्यावे. वेगवेगळ्या तरंगलांबी वापरल्या तर एका फायबरवर १० गिगाबिटचे ४० दुवे नेता येतात. नवे फायबर टाकण्याऐवजी आहे त्यावरच नोड विभागता येतात, आणि रस्ता पुन्हा खोदावा न लागणे हीच पुण्यात मोठी बचत आहे.

सॉफ्टवेअरचा सीएमटीएस : कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

आभासी सीएमटीएस म्हणजे मॅक थराचे आणि राउटिंगचे काम साध्या एक्स-८६ सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे देणे. प्रत्येक नोडसमूहासाठी सॉफ्टवेअरची स्वतंत्र प्रत चालते. त्यामुळे एका भागाचे अद्ययावतीकरण करताना बाकी शहराला हात लावावा लागत नाही, एक सर्व्हर बंद पडला तर त्याचे काम दुसरा उचलतो आणि गरज वाढली तर नवे कार्ड मागवून महिनोन्महिने थांबण्याऐवजी सर्व्हर जोडून परवाना वाढवता येतो. शिवाय प्रत्येक मोडेमची स्थिती सतत कळत राहते. मोडेम स्वतःचे सिग्नल किती दुरुस्त करतो आहे त्यावरून वायरीतला खराब जोड साधारण किती मीटरवर आहे याचा अंदाज बांधता येतो. ग्राहकाचा फोन येण्याआधी तंत्रज्ञ त्या जिन्यात पोहोचू शकतो, आणि माझ्या मते या संपूर्ण बदलातला सर्वांत मोलाचा लाभ हाच आहे.

पण हे सर्वांसाठी नाही. काही हजारांपेक्षा कमी ग्राहक असलेल्या स्वतंत्र चालकाने स्वतःचा आभासी सीएमटीएस उभा करू नये. सर्व्हर, घड्याळाचे उपकरण, स्विच, परवाने आणि लिनक्स व कंटेनर ही सर्व्हरची तंत्रे जाणणारी माणसे यांचा खर्च त्या ग्राहकसंख्येवर बसत नाही. त्याने आपल्या एमएसओच्या सर्व्हरवर जागा घ्यावी आणि स्वतःचा पैसा नोड, वायर व बॅटरीत घालावा. तसेच हडपसर, बाणेर, वाघोली अशा भागांतल्या नव्या टॉवरमध्ये जिथे डक्ट मोकळे आहेत, तिथे कोॲक्स टाकण्यात अर्थ नाही. तिथे थेट फायबरच न्यावे. पेठांतले वाडे आणि कोथरूड, सहकारनगरातल्या जुन्या सोसायट्या यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे भिंतीत आधीच गेलेली वायर आहे आणि रंग दिलेल्या जिन्यातून नवी वायर नेऊ द्यायला सोसायटी तयार नसते. एकाच नोडच्या पेटीत रिमोट फाय आणि छोटे ओएलटी (फायबरच्या जोडण्यांना इंटरनेट देणारे यंत्र) ही दोन्ही उपकरणे बसू शकतात. पेटी निवडताना ही सोय पाहून घेतली तर त्याच गल्लीतल्या पुनर्विकसित इमारतीला पुढे फायबर देता येते.

टीव्हीचे चॅनेलही आता नोडमध्येच रेडिओ लहरींत बदलावे लागतील, हे विसरू नये. या बाबतीत आपली स्थिती अमेरिकेपेक्षा सोपी आहे. तिथल्या जुन्या सेट टॉप बॉक्सना नियंत्रणासाठी वेगळ्या लहरी लागतात, तर आपल्या डीव्हीबी-सी (केबलवरच्या डिजिटल टीव्हीचे प्रमाण) बॉक्सना परवान्याची माहिती चॅनेलच्या प्रवाहातूनच मिळते. तरीही व्हिडिओचा प्रवाह नोडपर्यंत मल्टिकास्टने (एकच प्रवाह एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवून) नीट पोहोचतो की नाही याची चाचणी हेडएंडच्या टेबलावर, प्रत्यक्ष वापरातल्या प्रत्येक बनावटीचा एकेक बॉक्स लावून, आधीच करावी. इंटरनेट अर्धा तास गेले तर ग्राहक थांबतो, पण मालिकेच्या वेळी टीव्ही गेला तर सगळी सोसायटी खाली उतरते.

वीज आणि मुहूर्त

नव्या नोडला जुन्यापेक्षा जास्त वीज लागते आणि वीज गेली की त्याला सुरू व्हायला, घड्याळ जुळवायला आणि सगळे मोडेम परत जोडायला काही मिनिटे जातात. जिन्याखालच्या मीटरवरून घेतलेली जोडणी त्यासाठी पुरेशी नाही. नोडपाशी लिथियम बॅटरी, नीट अर्थिंग आणि लाटसंरक्षक (सर्ज प्रोटेक्टर) हवेच. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहण्याची पुण्याला जुनी सवय आहे, तेव्हा बॅटरीचा हिशेब दोन तासांवर न ठेवता त्या बंदच्या पूर्ण वेळेवर ठेवावा. पेटी पश्चिमेकडच्या भिंतीवर बसवू नये. एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारच्या उन्हात ती तापते आणि आतल्या उपकरणाचे आयुष्य घटते.

बदल करण्यासाठी सर्वांत योग्य काळ दिवाळीनंतरचा, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबरमध्ये पावसात जोड उघडे टाकता येत नाहीत आणि खोदाईही होत नाही. गणेशोत्सवात मांडव आणि मिरवणुकीतल्या उंच रथांसाठी रस्त्यावरच्या वायरी वर घ्याव्या किंवा सोडवाव्या लागतात, म्हणून त्याआधी पंधरा दिवस आणि नंतर एक आठवडा कोणत्याही नोडला हात लावू नये. प्रत्यक्ष काम रात्री दोन ते पाचच्या दरम्यान करावे, ग्राहकांना दोन दिवस आधी मराठीत स्पष्ट संदेश द्यावा आणि एका रात्री एकच नोड घ्यावा.

कामाच्या आदल्या दिवशी नोडखालच्या प्रत्येक मोडेमच्या पातळ्या, सिग्नलची स्वच्छता आणि दुरुस्त न झालेल्या चुकांची संख्या उतरवून ठेवावी. बदलानंतर पहाटे सहा वाजता, त्याच दिवशी रात्री नऊ वाजता आणि आठव्या दिवशी तीच नोंद पुन्हा घ्यावी. जे मोडेम आधीपेक्षा वाईट दिसतील त्यांची यादी इमारतीनुसार लावली की बहुतेक वेळा ते एकाच टॅपखालचे निघतात. जुना लेझर आणि जुन्या नोडची पेटी लगेच भंगारात देऊ नये. दोन आठवडे जागेवर, पॅच कॉर्डसह तशीच ठेवावी, म्हणजे गरज पडल्यास वीस मिनिटांत मागे फिरता येते. ते दोन आठवडे शांततेत गेले की मगच हेडएंडमधला तो लेझर बंद करावा, सीएमटीएसचे मोकळे झालेले पोर्ट रजिस्टरमध्ये नोंदवावे आणि पुढच्या नोडच्या टॅपची तपासणी सुरू करावी.